दोघींच्या उलट्या प्रार्थना

सलाम मंडळी. दुपारी कन्नड गावाहून परत आले, पण मन अजून तिथंच आहे, म्हणून लिहिते.

माझे यजमान चर्चचे पाळक आहेत. त्यांची कन्नडला बदली झाल्याचं कळलं तेव्हापासून मी रोज देवाला एकच मागत होते, "प्रभू, ही बदली रद्द कर." इथं शहरात माझी नर्सची नोकरी आहे, लेकीची शाळा आहे. सगळं सोडून कसं जायचं?

आज आम्ही तिथलं एक भाड्याचं घर बघायला गेलो. मी फुगूनच बसले होते. तेवढ्यात शेजारच्या मार्थाबाई भिंतीला हात लावत चहा घेऊन आल्या. वय झालेलं, नजर अधू, घरात एकट्याच.

त्यांनी चाचपडत माझा हात धरला. "आलीस व्हय, माय? मालक गेल्यापासून बायबल वाचून दाखवायला कुणी नाय. लई दिवस देवाला म्हणतेय, शेजारी कुणीतरी धाड."

आम्ही दोघी एकाच देवाकडं एकमेकींच्या उलट मागत होतो, आणि तो दोघींचंही ऐकत होता!

मी त्यांचं बायबल उघडून एक स्तोत्र वाचलं. त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. त्यांना ते सगळं पाठ होतं. हवा होता तो फक्त सोबतीचा आवाज.

नोकरीचं काय होईल, माहीत नाही. भीती आहेच. पण मी घरमालकांना होकार देऊन आलेय.

तुम्हाला देवानं नाही म्हटलं, तेव्हा तो कुणाला हो म्हणत होता, हे कधी कळलंय का?