शेजारी शून्य आहे तोवर

“गॅरेजवाला आता आम्हाला प्रोग्रामिंग शिकवणार!” सर म्हणाले. त्यांचं राजापेठेतलं सगळं ऑफिस हसलं. मग माझ्याकडे न बघता, “तुझं काम झालं ना? बाहेर बस.”

मी अकोल्याचा. गॅरेजात मोटार वाइंडिंग करता करता असेंब्ली, म्हणजे थेट चिपला हुकूम देणारी भाषा, शिकलो. कुणाच्या मेहरबानीवर नाही. सरांच्या संत्री निवडायच्या मशीनसाठी हाताचं अंतर मोजणारा प्रोग्रामचा भाग मी लिहिला होता. हात रोलरजवळ आला की पट्टा थांबला पाहिजे. अंतराचा आकडा मी दोन बाइटमध्ये, म्हणजे मेमरीच्या दोन कप्प्यांत ठेवला. सरांनी आपल्या सी भाषेतल्या फाईलमध्ये त्या आकड्याच्या नावाआधी ‘एक्स्टर्न’ लिहिलं, म्हणजे हा आकडा दुसऱ्या फाईलमध्ये आहे. पण माप लिहिलं चार बाइटचं.

फाईल मशीनच्या भाषेत उतरवणारा कंपायलर एका वेळी एकच फाईल बघतो, लिहिलेलं खरं मानतो. दोन्ही फाईल जोडणारा लिंकर फक्त नाव जुळवतो. माप कुणीच विचारत नाही. एकही एरर आली नाही. शेंदूरजनाघाटचे सलीमभाई हे मशीन रोज चालवणार होते. चाचणीत त्यांनी हात पुढे केला, पट्टा थांबला. टाळ्या.

थांबला, कारण सरांची ओळ जे शेजारचे दोन बाइट जास्तीचे वाचत होती, त्यांत तेव्हा शून्य होतं. उद्या तिथे दुसरं काही आलं की आकडा प्रचंड होईल. हात रोलरपाशी, आणि मशीनला दिसेल कोसभर लांब.

हेच सरांना सांगायला गेलो होतो.

आणि मी बाहेर बसलो. हो, बसलो. चपलांच्या ढिगाशेजारी. काचेतून सलीमभाई दिसत होते, बंद पट्ट्यावर हात टेकून संत्रं सोलत होते. तो हात बघितला आणि डोकं फिरलं. आत गेलो, माझा प्रोग्राम ज्यावर चालत होता तो बोर्ड मशीनमधून उपसला.

“बोर्ड माझा हाय. घेऊन चाललो.”

“अरे, उद्या डिलिव्हरी आहे! ठरलंय आपलं!”

“ठरलं ते मोडलं. मले टेबलाशी खुर्ची द्या, ती ओळ माह्यासमोर दुरुस्त करा. मंग बोलू.”

“तुझ्यासारखे छप्पन मिळतात.”

“काहून भाऊ?” सलीमभाई म्हणाले, “चालून तं राह्यलं मस्त!”

“हात तुमचा हाय म्हून, सलीमभाई.”

बोर्ड अजून माझ्याकडेच आहे. सरांनी तो भाग दुसऱ्याकडून लिहून घेतलाय, मशीन शेंदूरजनाघाटला पोचलंय. ती ओळ तशीच असेल. तो नवा माणूसही बाहेरच बसला असेल.

मी शेंदूरजनाघाटला निघालोय. पट्टा सुरू करायला येतील तेव्हा रोलरसमोर मी उभा असेन. हसायचं त्यांनी हसावं. बंद केलेल्या मेन स्विचवरचा हात माझा असेल, आणि ती ओळ बदलल्याशिवाय तो निघणार नाही.