जत्रेच्या दिवशीचे शॉट

आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यांत चांगले हात ताईचे होते. मागाहून वाईट वाटतं म्हणून हे म्हणते असं नाही. सर तेव्हाही सगळ्यांसमोर म्हणायचे.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. मुंबईतल्या एका विद्यापीठात प्लाझ्मावर काम करणारे आम्ही पाच-सहाजण होतो. आईला सांगायचे तसंच सांगते: काचेच्या नळीतली हवा पंपाने जवळजवळ सगळी काढून टाकायची, मग आत थोडा वायू सोडायचा आणि त्यातून जबरदस्त दाबाची वीज सोडायची. वायू जांभळा उजळून निघतो.

"ट्यूबलाइटसारखा?" आई विचारायची.

ट्यूबलाइटसारखाच. फक्त आमची नळी डोळ्याचं पातं लवेपर्यंतच उजळायची. त्या एका उजेडाला आम्ही शॉट म्हणायचो.

नळीच्या जोडात बारीक फट राहिली की बाहेरची हवा आत शिरून सगळं बिघडायचं. ताई ब्रशने जोडावर स्पिरिट लावत जायची आणि मीटरच्या काट्यावर नजर ठेवायची. काटा हलला की म्हणायची, "सापडली गं." ज्या फटीपायी माझा अख्खा दिवस जायचा, ती तिला चहा निवायच्या आत सापडायची.

वसईकडच्या आम्ही दोघीच. ती माणिकपूरच्या फ्लॅटमध्ये राहायची. वडील नोकरदार, मूळचे रत्नागिरीकडचे. मी निर्मळची. आमची केळीची आणि फुलांची वाडी. शिक्षणात ती माझ्या दोन वर्षं पुढे, म्हणून ताई. सकाळी मी एस.टी.ने माणिकपूरला यायचे, रिक्षा स्टँडपाशी ती भेटायची, आणि पुढे दोघी बरोबर जायचो.

त्या वर्षी निर्मळची कार्तिकातली जत्रा आली तेव्हा माझे शॉट ऐन रंगात होते. जत्रेला आमच्या घरी पाहुण्यांची रीघ. आई म्हणाली, "एक दिवस राहशील की नाही घरात?" मी ताईला विचारलं, माझे शॉट तू घेशील का?

"जा गं. येताना सुकेळी आण, भरपूर आण," ती म्हणाली.

जत्रेतून राजेळी केळी सुकवून केलेली सुकेळी पानात बांधून घेतली आणि दुसऱ्या दिवशी ती पिशवी घेऊन माणिकपूरला उतरले. स्टँडपाशी ताई नव्हती. तिचे बाबा उभे होते. आदल्या दिवशीचाच शर्ट अंगात असावा, इतका चुरगळलेला.

"ती हॉस्पिटलात आहे," ते म्हणाले. "शॉक बसला. तू वाट बघत राहशील म्हणून तिनेच पाठवलं मला."

तेव्हा माझ्या मनात सगळ्यांत आधी काय आलं, ते मी कुणालाही सांगितलेलं नाही. ताई कशी आहे, हे नंतर आलं. आधी आलं ते एवढंच: मी वाचले.

शॉटची वीज मोठमोठ्या कपॅसिटरांत साठवलेली असते. शॉट झाल्यावरही थोडी मागे राहते. म्हणून आत हात घालण्याआधी तांब्याचा आकडा लावलेली लांब काठी तिथे टेकवायची; काठीच्या वायरीतून उरलेली वीज जमिनीत जाते. ताईने काठी टेकवली होती, नेहमीसारखीच, नीट. पण ती वायर आतल्या आत तुटलेली होती. वरचं प्लास्टिक अखंड. सरांनी चौकशीच्या वेळी ते प्लास्टिक ब्लेडने सोलून आम्हाला दाखवलं, आणि बराच वेळ ती वायर हातात धरून बसून राहिले.

"हे कुणालाच दिसलं नसतं," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "तुझा काहीएक दोष नाही यात. ऐकतेयस ना?"

ऐकत होते. दोष असता तर निदान माफी तरी मागता आली असती. मी गेले असते तर मीही ती काठी तशीच टेकवली असती आणि तसाच हात घातला असता. माझा हात.

हॉस्पिटलात तिचा उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला होता. मला बघून ती म्हणाली, "शेवटचा शॉट धरू नकोस हं. त्याचं रीडिंग राहिलं." मी रडायला लागले, तर तिलाच माझी समजूत घालावी लागली.

जखमा भरल्या. अंगठा आणि शेजारची दोन बोटं मात्र पुन्हा नीट वळली नाहीत. ती प्रयोगशाळेत परतली नाही. मी दर रविवारी तिच्याकडे जाऊ लागले. कधी केळीचा फणा, कधी वाडीतली भाजी, कधी मोगरा. रिकाम्या हाताने त्या दारात उभं राहायचा धीरच होत नसे. तिची आई चहा ठेवायची, पण बाहेर येऊन बसायची नाही. एकदाच, कप ठेवता ठेवता म्हणाली, "जत्रा तर दर वर्षीच असते ना गं तुमच्याकडे?"

मी "हो, काकू" म्हटलं.

असे बरेच रविवार गेले. मग एका रविवारी मी पपईची पिशवी खाली ठेवली आणि ताई भडकली.

"पुरे झालं तुझं हे! तू येतेस ना, त्या दिवशी मी आजारी असते. बाकीचे दिवस ठीक असते. तोंड कसं केलंयस बघ, मयताला आल्यासारखं."

मी पिशवी दाराकडे सरकवली.

"तुझ्या नळीचं काय झालं ते सांग."

मी नळीला हात लावला नव्हता. ग्रंथालयात बसायचे, जुने आलेख पुन्हा काढायचे. सर वाट बघत होते. हे मी तिला सांगितलं.

"भीती वाटते?"

"नाही," मी म्हटलं. मग म्हटलं, "तू नसताना मी ते करायचं, हे बरं नाही वाटत."

ती हसली, पण चांगलं नाही. "वा! म्हणजे माझा हात गेला आणि तुझी नळीपण गेली. कुणाला काय मिळालं यात?" थोड्या वेळाने आवाज उतरवून म्हणाली, "शॉट घे. आलेख घेऊन ये. पपई नको."

मी प्रयोगशाळेत गेले. आता दोन काठ्या होत्या, रोज सकाळी त्यांच्या वायरी तपासल्याशिवाय काम सुरू करायचं नाही असा नियम होता, आणि सर स्वतः माझ्या मागे उभे होते. तरी आत हात घालताना माझ्या हातून पाना खाली पडला. सरांनी तो उचलून माझ्या हातात दिला.

पुढच्या रविवारी आलेखांच्या फ्लॉप्या घेऊन माणिकपूरला गेले. तिच्या भावाने नुकताच कॉम्प्युटर जोडून आणला होता. ताई डाव्या हाताने माउस चालवायची. आधी अडखळत, मग सफाईने. नळीच्या दुसऱ्या टोकाला उजेड जरा उशिरा पोचतो, हे तिने पाहिलं. मी ती मापनातली गडबड समजून सोडून दिलं होतं. माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण त्यावर उभं राहिलं. म्हणजे आता तिचा हातच नाही, तिची नजरही मी वापरत होते, आणि पदवी मात्र मला मिळणार होती. तिने मधल्या काळात विरारच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायला सुरुवात केली होती.

शोधनिबंध लिहिला तेव्हा मी तिचं नाव पहिलं घातलं. तिने कागद वाचला आणि माझ्यापुढे सरकवला.

"हाताची भरपाई म्हणून घातलं असशील तर काढून टाक. कामासाठी घातलं असशील तर दुसरं घाल. काम तुझं जास्त आहे."

मी दुसरं घातलं. तिचं म्हणणं बरोबर होतं, आणि तरीही ते टाइप करताना मला चोरी केल्यासारखं वाटलं.

माझ्या तोंडी परीक्षेला ती रजा काढून आली. मागच्या रांगेत बसली. परीक्षकांचे प्रश्न संपल्यावर सरांनी सवयीने विचारलं, आणखी कुणाला काही विचारायचंय का? ताई उभी राहिली. वायूचा दाब वाढवला तर तो उशीर कमी होईल की वाढेल, आणि का? मी अर्धवट उत्तर दिलं. सर हसले, परीक्षकही हसले, पदवी मिळाली.

ताई मात्र हसली नाही. वसईला उतरेपर्यंत भांडत होती. "तुला येत होतं ते उत्तर! मागच्या पावसाळ्यात आपण दोघींनी काढलं होतं. सांगितलं का नाहीस?" मीही आवाज चढवला, तू असा प्रश्न विचारशील हे मला काय माहीत? स्टेशनबाहेर फुलवालीपाशी उभ्या राहून आम्ही हातवारे करत दाब आणि उशीर यांवर वाद घालत होतो. लोक बघत होते. तेवढा वेळ मला अपराधी वाटलं नाही. जत्रेच्या त्या दिवसानंतरच्या सगळ्या काळात पहिल्यांदाच.

मग ती म्हणाली, "चल, उशीर झाला, आई वाट बघेल," आणि रिक्षात बसली. पर्सची चेन डाव्या हाताने उघडण्यासाठी तिने पर्स उजव्या कोपराने छातीशी दाबून धरली. मी नजर दुसरीकडे वळवली.