चांगल्या गुडघ्याची पट्टी

"पाय नाई बे, दम पाह्य!" असं म्हणत तो उजवा गुडघा थोपटायचा. त्यावर लाल फडक्याची पट्टी. त्या काळी नांदुऱ्यात कबड्डी पाहिलेल्या कोणालाही विचारा, त्याचा चेहरा आठवणार नाही, पण पट्टी नक्की आठवेल.

महाराष्ट्र राज्य नवंनवं झालं होतं. आमच्या जिनिंगच्या मालकाला कबड्डीचं भारी वेड. चांगला गडी दिसला की त्याला उचलून आणायचा आणि कामावर ठेवायचा. हाही असाच मेहकरकडच्या खेड्यातून आलेला. नावाला कापसाच्या गठाणी उचलणारा हमाल, पण पगार चढाईचा. खेळ आहे तोवर काम, काम आहे तोवर आवारातली खोली. मी तिथेच काट्यावर कापूस तोलायचो.

चार-पाच जण अंगावर पडले तरी हा त्यांना ओढत मधल्या रेघेपर्यंत यायचा, चिखलातून बैलानं गाडी काढावी तसा. उठला की आधी पट्टी नीट करायचा, धूळ नंतर झटकायचा.

एकदा जेवणाच्या सुट्टीत तो सरकीच्या ढिगाआड बसलेला दिसला. डावा गुडघा टम्म सुजलेला, दोन्ही हातांनी धरलेला.

"अरे, पट्टी तर उजव्याला आहे!" मी म्हणालो.

"मनूनच तं. पकडनारे पट्टी पाहूनच झडप घालतात. दुखऱ्याले कोनी हात लावत नाई."

"आणि चांगला गेला तर?"

"चांगला कायले जाईन? चांगला हाय ना थो!"

मला त्याच्या डोक्याचं कौतुकच वाटलं. तुम्ही असता तर तुम्हालाही वाटलं असतं.

खरी गंमत त्याच्या घरी होती. त्याच्या बायकोचा भाऊ मलकापूरच्या संघात पकडी करायचा. त्यामुळे तिलाही यानं पत्ता लागू दिला नव्हता. बिचारी रोज संध्याकाळी एरंडाची पानं गरम करून त्याचा धडधाकट गुडघा शेकायची आणि हा पठ्ठ्या मोठमोठ्यानं कण्हायचा. "तिच्या हाताले गुन हाय," असं मला वर सांगायचा.

मग मलकापूरशी सामना आला, तोही आमच्याच मैदानावर. भाऊ आदल्या दिवशी बहिणीकडे उतरला. जेवायला वाढता वाढता ती त्याला म्हणाली, "याइचा उजवा गुडघा लय दुखते. तेवढा सांभाळजो रे."

दुसऱ्या दिवशी भावानं थेट उजव्या गुडघ्यावरच उडी घातली. काडकन आवाज झाला. हा पडला तो रेघेच्या हातभर अलीकडे. डाव्या पायानं रेटा दिला असता तर बोटं रेघेला लागली असती. डाव्यात ती ताकद कुठली? जमीन उकरत राहिला, दम सुटेपर्यंत.

हाडवैद्यानं कामट्या बांधल्या, पण गुडघा वाकडाच बसला. हंगाम संपेपर्यंत मालकानं ठेवून घेतलं, नंतर खोली सोडावी लागली. मालक वाईट नव्हता. त्यानं गुडघे पाहून माणूस ठेवला होता, गुडघे गेल्यावर माणूसही गेला.

पुढे तो स्टेशनबाहेर फुटाण्यांची टोपली घेऊन बसायचा. उठताना भिंत धरायचा. पट्टी मात्र उजव्यालाच.

"आता कोणाला फसवतोस बाबा?" मी एकदा विचारलं.

"तिले," तो म्हणाला. "दोनी गेले हे समजलं तं कशी जगन थे? एकच गेला मनून चालून राह्यलं."

तिथेच, टोपलीमागे बसल्या बसल्या तो आजारी पडला आणि त्यानं फार दिवस काढले नाहीत. मी त्याच्या घरी पोचलो तेव्हा त्याला शेवटची आंघोळ घालायची तयारी चालली होती. ती उशाशी बसली होती.

"भाऊजी, मीच बोलली होती भावाले," ती हळूच म्हणाली. इतकी वर्षं तिनं हे कोणाला सांगितलं नव्हतं. "पन थो गुडघा आधीच कामातून गेला होता ना? आज ना उद्या जानारच होता ना?"

"हो वहिनी," मी म्हणालो. "जाणारच होता."

तिनं मान हलवली आणि पट्टी सोडली. खालची कातडी उन्हाशिवाय राहिलेली, गोरी. सवयीनं तिचा हात तिथे फिरत राहिला. शेजारी डावा गुडघा सुजलेला तसाच होता. तिकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.