माईच्या खिचडीवरचं झाकण

भूक लागली की मिलिंदची अक्कल पोटात उतरते, असं त्याची बायको पल्लवी म्हणते. त्या गुरुवारी दुपारी गलोंड्याच्या सूत कारखान्यामागे ती खरोखरच उतरली. कामगार बायकांच्या खोल्यांकडून खिचडीचा वास आला. फाटकावर वॉचमन नव्हता. मिलिंद सरळ आत शिरला, पातेल्याचं झाकण उचललं, पळीभर खिचडी चाखली आणि दिवसभर सुताचा दर्जा तपासणाऱ्या माणसाच्या सवयीने शेरा मारला, "मीठ विसरलात की हो!"

बायका त्याच्याकडे अशा बघू लागल्या, जणू त्याने चालू मशीनमध्ये हात घातला होता. हलीमाबेनच्या हातातला नारळाचा खुळखुळा थांबला.

"मिलिंदभाई," ती म्हणाली, "हे काय केलंत?"

हलीमाबेन सिदी पॅकिंगला होती. रतनपूरकडची. काळीभोर, रुंद खांद्यांची, आणि हसली की खात्यातल्या बॉबिनी हलतात, असं सगळे म्हणत. तिच्या आज्यापणज्यांना आफ्रिकेतून जहाजात घालून आणलं, विकलं, नावं बदलली, बोली पुसली. राहिला हा हिरव्या फडक्यात गुंडाळलेला खुळखुळा. मालकांना ते खेळणं वाटलं, म्हणून वाचला. त्यात तिची माई मिसरा होती, सिदी बायकांची संत.

मिलिंदला हे चहाच्या वेळी कळलं होतं. शाळेत इतिहास शिकवणाऱ्या पल्लवीकडून ऐकलेलं त्यानेही मग हलीमाबेनला सांगितलं होतं. असेच लोक समुद्रापलीकडे ब्राझीलला, हैतीला नेले. त्यांनी गोऱ्यांच्या संतांच्या तसबिरींमागे आपले देव लपवले. मालक म्हणाले, नाचतायत बिचारे, नाचू देत. आणि हैतीत त्याच ढोलांभोवती जमून गुलामांनी एका रात्री शपथ घेतली आणि मळे पेटवले.

हलीमाबेनने बशीतला चहा संपवला होता. "आमच्याच घरातले असणार. दुसऱ्या जहाजात बसले."

मग स्वतःच दुरुस्ती केली होती, "बसवले."

माईच्या खिचडीचा नियम एकच. बायकांनी रांधायची, बायकांनी खायची, पुरुषाची नजर पडता कामा नये. एरवी या आवाराला बाहेरून कुलूप असे. ठेकेदार गोकुळभाई त्याला 'लेडीजची सेफ्टी' म्हणे आणि सगळ्यांची आधार कार्डं स्वतःच्या कपाटात ठेवी, तीही सेफ्टीसाठीच. पण खिचडीच्या दिवशी तोच वॉचमनला घेऊन रस्त्यापलीकडे जाई आणि किल्ली हलीमाबेनकडे देई. एकदा तो त्या खुळखुळ्याला हसला होता, आणि त्याच आठवड्यात खानवेलच्या वळणावर त्याचा टेम्पो उलटला. तेव्हापासून तांदूळही तोच पाठवी.

आज ती किल्ली कावेरीसाठी हवी होती. नंदुरबारकडून आलेली ही पोर तापाने फणफणली होती. दवाखान्यात नेलं तर नाव विचारतील, आणि तिचं नाव कारखान्याच्या पटावर नव्हतंच. गोकुळभाईने गोळ्या दिल्या, वर म्हणाला, "पोरी नाटक करतात." सकाळपासून कावेरी कुणाला ओळखत नव्हती. मागच्या फाटकापाशी तिच्या खोलीतली मंजुळाबाई तिला चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन बसली होती. रिक्षा यायची होती.

यातलं मिलिंदला काहीच माहीत नव्हतं. शरमेने तो बाहेर पळाला, तर समोर गोकुळभाई. मिलिंदला वाटलं, आपणच आधी सांगितलेलं बरं.

"चुकून चाखली हो मी. पण काही झालं नाही मला. चांगली आहे, फक्त मीठ..."

"काही झालं नाही?" गोकुळभाईने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मिलिंद धडधाकट होता, नेमका नको तेव्हा. "मग आम्ही काय उन्हात झक मारतोय?"

तो आत घुसला. मागच्या फाटकापाशी चादर दिसली. त्याने हलीमाबेनच्या कमरेची किल्ली हिसकली.

"असं आहे होय! बेन, नाटक बंद."

"व माय," मंजुळाबाईचा आवाज चिरकला, "हे पोर मरून जाईन व!"

मिलिंद फाटकात उभा होता. आपण कशावरचं झाकण उचललं, ते त्याला आत्ता कळलं. "गोकुळभाई, दवाखान्यात..." एवढंच तो बोलला.

"साहेब, तुमचं खातं सुताचं."

मिलिंद फाटकातून बाजूला झाला. टोकरखाड्यातला कंपनीचा फ्लॅट त्याला आठवला.

तेवढ्यात हलीमाबेनने पातेलं दोन्ही हातांनी उचललं आणि पालथं घातलं. वाफाळती खिचडी गोकुळभाईच्या बुटांपर्यंत पसरली. तो दोन पावलं मागे सरला. खुळखुळा सुरू झाला, आधी हलके, मग असा की पत्रे वाजू लागले. एकेक करून बायका उभ्या राहिल्या, धुळ्याच्या, सुरंगीच्या. यातल्या कुणाची माई ही नव्हती, तरी सगळ्यांनी टाळ्यांनी ताल धरला.

"बाटली!" हलीमाबेन ओरडली. "पुरुषाच्या जिभेने बाटली. आता नवी मांडायची. तोवर एकाही फाटकाला कुलूप चालत नाही. आणि ज्याने चाखली, त्याने मागच्या फाटकाला रिक्षा आणून पाठ करून उभं राहायचं. माई जिला पाठवेल तिला न्यायचं. तोंडातून शब्द काढायचा नाही. नाही केलं, तर माई आधी रस्त्यावरची गाडी बघते."

गोकुळभाईचा भरलेला टेम्पो नुकताच खानवेलकडे निघाला होता. त्याने खुळखुळ्याकडे पाहिलं, बुटांवरच्या खिचडीकडे पाहिलं. किल्ली मातीत टाकली आणि फोन कानाला लावत रस्त्याकडे चालू लागला.

मिलिंद रिक्षा घेऊन आला. पाठ करून उभा राहिला. मागे पाय घासल्याचा, धापा टाकल्याचा आवाज झाला. रिक्षा एका बाजूला कलली. तो पुढे ड्रायव्हरजवळ बसला आणि समोरच्या आरशात त्याला दिसलं, कावेरीची मान मंजुळाबाईच्या खांद्यावरून घरंगळली होती. ओठांवर माशी बसली होती आणि पोर ती हाकलत नव्हती.

हलीमाबेनने कावेरीच्या कुशीत खुळखुळा ठेवला.

शब्द काढायचा नव्हता, तरी मिलिंदला राहवलं नाही. "हलीमाबेन, हा नियम खरंच आहे?"

"आजपासून आहे."