जावयाला घातलेली लाथ

मिरजोळ्याच्या गुणाजीला झाड पाडायचं काम मिळालं, की त्याचा पाय एका जागी ठरत नसे. कुऱ्हाड उचलण्याआधी तो झाडाभोवती फिरे, मान दुखेपर्यंत शेंड्याकडे बघे, एखादी वेल शेजारच्या झाडात गुंतलीय का ते हुडके. मग कोयत्यानं बुंध्याच्या मागं, दोन अंगांना, तिरक्या वाटा साफ करी. एक स्वतःसाठी, एक करवतीचं दुसरं टोक धरणाऱ्या बाबल्यासाठी. झाड कडाडलं, की करवत तिथंच टाकून त्या वाटेनं सुटायचं. लोक म्हणत, गुणाजी पाडण्यापेक्षा पळायचीच तयारी जास्त करतो. म्हणोत बापडे! त्याच्या कामावर आजवर कुणाचं बोटसुद्धा चेंगरलं नव्हतं.

तीस-एकतीस सालच्या उन्हाळ्यात बाबल्या तापानं आडवा झाला, आणि नेमका तेव्हाच एका बागवाल्याला घरासाठी ऐनाचं मोठं झाड पाडून हवं होतं. मदतीला आला गुणाजीचा जावई बाबू. भाटे गावचा खलाशी, गलबताच्या तांडेलाशी भांडून घरी बसलेला. लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. निघताना गुणाजीच्या बायकोनं, बकुळानं, बजावलं, "जावय हाय तो. बाबल्यावर वरडता तसं त्याच्यावर वरडू नका. आपल्या मालनला त्या घरात नांदायचंय."

तिथंच सगळा घोटाळा झाला. शिवी दिल्याशिवाय गुणाजीला काम सांगताच येत नसे. वाटा साफ करून त्यानं जावयाला त्याची वाट दाखवली खरी, पण खालच्या आवाजात, पाहुण्याला पाट दाखवावा तशी. पुढच्या अंगाला खाच पाडून तो वळतो तो काय, बाबू थेट बुंध्याच्या मागं सावलीत उभा.

"जावयबापू, जरा बाजूला ऱ्हावाल काय? बुंधा कधी कधी मागं उसळतो."

"झाड पुढं पडणार, मामा. मागं कसली भीती?" बाबू हसला.

बाबल्या असता तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला असता. गुणाजीनं ओठावर आलेली शिवी गिळली. करवत चालू झाली, पण त्याचं लक्ष दातांवर नव्हतं. सांगावं? कसं सांगावं? सांगितलं आणि राग आला तर? सकाळपासूनच्या या घालमेलीत झाडाभोवतीच्या फेऱ्याही अर्धवट राहिल्या होत्या, आणि वरची एक जाड वेल त्याच्या नजरेतून सुटली होती.

ऐन कडाडला. गुणाजी करवत टाकून आपल्या वाटेला लागला. बाबू मात्र सरळ मागं सरकला आणि कमरेवर हात ठेवून वर बघत राहिला. वर वेल ताणली, शेंडा अडकला, झाड पिळवटलं आणि बुंधा खुंटावरून मागं सटकला.

पळायच्या वाटेवरून गुणाजी जन्मात कधी माघारी फिरला नव्हता. त्या दिवशी फिरला. "पळ रे मेल्या!" म्हणत त्यानं जावयाच्या कमरेत अशी लाथ घातली, की बाबू करवंदीच्या जाळीत जाऊन पडला, आणि मागोमाग गुणाजीही. बाबू उभा होता तिथली माती बुंध्यानं हातभर उकरली.

बागवाल्याचे गडी आधी पांढरे पडले, मग पोट धरून हसले. सासऱ्यानं जावयाला लाथ घातली ही बातमी बाबूच्या आधी भाट्याला पोचली. बाबू पाणीसुद्धा न पिता, अंगातले काटे काढत चालता झाला.

त्याचा पहिला दिवाळसण आला. बकुळानं जावयासाठी नवं धोतर आणून ठेवलं होतं. गुणाजी पहाटेपासून अंगण आणि वाट यांच्यात येरझारा घालत होता. त्याला पुन्हा पुन्हा तो खड्डा दिसे, आणि खड्ड्यात कमरेवर हात ठेवलेला माणूस. मालन आली ती एकटीच. गुणाजीनं आधी तिच्या कपाळाकडे बघितलं. कुंकू जागच्या जागी होतं.

"तोंडानं सांगायला काय झालं हुतं?" बकुळा करवादली.

मालन खाली बघत म्हणाली, "अजून रुसलेत, बाबा. तुमचं नाव निघालं तरी ताटावरनं उठतात."

"आपल्या पायांनी उठतो ना?" गुणाजीनं विचारलं.

"व्हय."

"मग रुसू दे," तो म्हणाला, आणि सकाळपासून पहिल्यांदाच खाली बसला.