हेब्बाळचे बॉक्स आणि तिकडचं सरकार

फ्रीजवर किल्ल्या, पावत्या, औषधांच्या अर्धवट पट्ट्या आपोआप साचतात, तसे आमच्या कंपनीत किस्से साचतात. मुद्दाम कुणी ठेवत नाही. नवरा म्हणतो, तू तिखटमीठ लावून सांगतेस. अहो, मला उलट मीठ काढून सांगावं लागतं, नाहीतर कोण विश्वास ठेवणार!

म्हैसूरच्या हेब्बाळ इंडस्ट्रियल एरियात आमचं बेताचंच युनिट आहे. लष्करी गाड्यांना लागणारे केबलचे प्लग आम्ही बनवतो. परदेशातल्या काही देशांची लष्करी युती आहे आणि त्यांचं आपसात ठरलंय, की एकाचा जनरेटर दुसऱ्याच्या गाडीला जोडता आलाच पाहिजे. म्हणजे सगळ्यांचा प्लग एकच. त्यातल्या एका देशाची मोठी ऑर्डर आम्हाला मिळाली. देशाचं नाव घ्यायला कंपनीची बंदी, म्हणून कॅन्टीनमध्ये त्याला नुसतं 'तिकडं' म्हणतात.

मी मूळची सांगलीची, लग्नानंतर इथल्या कुवेंपुनगरात आले. एक्स्पोर्टचं काम बघते. जेवायला माझ्या टेबलावर म्हैसूरची दोन मराठी माणसं असतात. एक स्टोअर्सचे नागोजीराव. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते, हे ते रोज सांगतात. दुसरी असेंब्ली लाइनची नर्मदा. तिच्या बरोबरीच्या बायका परमनंट होऊन निळं कार्ड गळ्यात घालून फिरतात, हिच्या गळ्यात अजून टेम्पररीचं पिवळंच. ही ऑर्डर गेली की तुझं कार्ड बदलतो, असा शब्द मॅनेजर सुब्बण्णासाहेबांनी तिला सगळ्यांसमोर दिला होता. माल तयार झाला, बॉक्स सील झाले, आणि तिकडं निवडणूक लागली.

* * *

तिकडच्या निवडणुकीशी आपला काय संबंध, असं मी म्हणत होते. तेवढ्यात मेल आला, नवीन सरकार येईपर्यंत माल पाठवू नका. तिकडं एक पक्ष म्हणत होता युतीत राहू, दुसरा म्हणत होता दुसऱ्यांच्या लढाया पुरे झाल्या, आधी आपलं घर बघू.

नर्मदानं मला विचारलं, यात आपला पक्ष कोणता? मी फोनवर शोधलं आणि ठासून सांगितलं, निळा. युतीत देशाला नेलं होतं त्यांनीच.

ती चामुंडीला नवस बोलली. निळा येऊ दे, टेकडीच्या प्रत्येक पायरीला हळदकुंकू लावीन. कंपनीच्या बसमधल्या बाकीच्या बायकांनीही नारळ फोडले. आपल्यासाठी म्हैसुरात किती खोबरं वाटलं गेलं, याची त्या निळ्या उमेदवारांना आजही कल्पना नसेल.

निळा दणकून जिंकला! मी सगळ्यांना मैसूरपाक वाटला. दुसऱ्या दिवशी मेल आला, नवीन सरकार युतीचा फेरविचार करत आहे, ऑर्डर स्थगित. मधल्या काळात निळ्यांनी मत फिरवलं होतं, आणि मी वाचली होती ती बातमी जुनी!

मला नर्मदाच्या समोर जाववेना. तीच माझ्याजवळ येऊन बसली. "अक्का, देवी काय करंल? आपण निळा म्हटलो, तिनं निळा दिली. अल्वा?" म्हणजे, हो ना?

पुढच्या रविवारी ती खरंच सगळ्या पायऱ्यांना हळदकुंकू लावून आली.

* * *

नागोजीरावांना मात्र हे काही केल्या पटेना. सरकार बदललं म्हणून दोस्ती कशी तुटते? मिलिटरी तीच, गाड्या त्याच, प्लग तोच.

मी समजावलं, की युतीचा कागद जुनाच असतो, पण त्यावर खर्च करायचा की नाही हे नवीन सरकार ठरवतं. कागद न फाडताही हात आखडता घेता येतो.

त्यांनी बराच विचार केला. मग म्हणाले, म्हणजे आमच्या गल्लीच्या गटारीसारखं. जुन्या नगरसेवकानं अर्धी खणली, नव्यानं सांगितलं ही माझी नाही. गटार आपली आहेच, नाही कोण म्हणतोय?

मी यापेक्षा चांगलं कधीच सांगू शकले नसते, पण त्यांना तसं म्हटलं नाही. नाहीतर पुन्हा घोडदळ सुरू झालं असतं.

* * *

दसऱ्यात आयुधपूजा आली. त्या दिवशी आमच्याकडे लेथपासून सुब्बण्णासाहेबांच्या स्कूटरपर्यंत सगळ्यांना झेंडूचे हार चढतात आणि गेटवर कुंकू भरलेला कोहळा फुटतो.

मी स्टोअर्समध्ये गेले आणि किंचाळलेच! तिकडच्या प्रत्येक सीलबंद बॉक्सवर, खालच्या उजव्या कोपऱ्यात, नर्मदानं हळदकुंकू लावलं होतं. पायऱ्यांचा सराव ताजा होता, त्यामुळं सगळे टिळे एका मापाचे.

एक्स्पोर्टचा माल आहे हा, मी ओरडले. नागोजीराव शांतपणे म्हणाले, आयुधपूजेला आयुध सोडून स्कूटरला कुंकू लावायचं काय? ओल्या फडक्यानं एक टिळा पुसून बघितला, तर बॉक्सच गुलाबी झाला. म्हटलं राहू दे. नाहीतरी हा माल कुठं जातोय!

* * *

आणि तिकडून दोन साहेब निघाले. पडून राहिलेल्या मालाचं काय करायचं, हे ठरवून सही करायला. सुब्बण्णासाहेबांनी स्वागताचा फलक रंगवून घेतला, त्यावर त्यांच्या मंत्र्याचंही नाव टाकलं.

साहेब विमानात असताना त्यांचं सरकार पडलं. सोबतच्या छोट्या पक्षानं पाठिंबा काढला! बेंगळुरूला उतरून फोन चालू केला तेव्हा त्यांना कळलं. आमच्या गेटवर ते दोघं उभे, मागे फलकावर मंत्री, आणि तो मंत्री आता मंत्रीच नाही.

आज आम्ही कोणाच्या वतीनं सही करावी हे आम्हालाच माहीत नाही, असं त्यातला मोठा साहेब म्हणाला. त्याचा चेहरा बघून मला पहिल्यांदा बरं वाटलं. इतके महिने मला वाटत होतं, गोंधळ फक्त आमच्याकडे आहे.

सुब्बण्णासाहेबांनी दोघांना म्हैसुरी पेटा, म्हणजे इथला फेटा, घातला, कोणतंही सरकार आलं तरी डोकं तेच राहणार म्हणून. फोटो काढले. सही न करता दोघं राजवाडा बघायला गेले.

* * *

शेवटी तिसरं सरकार आलं. ते म्हणालं, आम्ही युतीत आहोतच. फक्त आम्हाला हे प्लग आता नकोत, युतीतल्या शेजारी देशाला मदत म्हणून देऊन टाकू.

बॉक्स एकदाचे गेले, टिळ्यांसकट. स्टोअर्समध्ये पोकळी झाली. नागोजीरावांना दोन दिवस करमेना.

नर्मदा सुब्बण्णासाहेबांकडे गेली. ते म्हणाले, शब्द मी तिकडच्या ऑर्डरबद्दल दिला होता. माल गेला शेजाऱ्यांकडे. ती ऑर्डर म्हणायची की मदत, हे हेड ऑफिसला विचारतो. ती परत आली आणि डबा उघडून जेवायला बसली. मला इतका राग आला, की मी दिवसभर साहेबांशी बोलले नाही. तिकडची सरकारं परवडली, निदान ती पडतात तरी!

* * *

आणि परवा. शेजारी देशानं स्वतःची ऑर्डर दिली आणि माल तपासायला त्यांच्या एक मॅडम आल्या. या वेळी मी डोळ्यांत तेल घालून बॉक्स स्वच्छ ठेवले होते. यंदाच्या आयुधपूजेला स्टोअर्सची किल्लीच घरी नेली होती.

मॅडम बॉक्सभोवती फिरल्या, वाकून खालचा उजवा कोपरा बघितला आणि मला विचारलं, लाल खूण कुठं आहे? म्हणाल्या, त्या खुणेच्या मालातला एकही प्लग बिघडला नाही. आता आमचे सैनिक खूण बघूनच बॉक्स उघडतात. बिनखुणेचा माल मी नेणार नाही.

मी हातातलं पुसायचं फडकं पाठीमागं लपवलं. सुब्बण्णासाहेब मात्र पुढं झाले. ती आमची अंतिम मंजुरीची खूण आहे मॅडम, आजच करून देतो. आणि नर्मदाला बोलावलं.

ती कुंकवाची डबी घेऊन आली, पहिल्या बॉक्ससमोर उकिडवी बसली, झाकण काढलं. मॅडमनी तिच्या गळ्यातलं पिवळं कार्ड बघितलं आणि हात वर केला. अंतिम मंजुरी परमनंट कर्मचाऱ्यानंच द्यायची, असा त्यांच्या युतीचा नियम होता.

"इज शी परमनंट?"

सुब्बण्णासाहेबांनी एकदा बॉक्सांच्या रांगेकडे बघितलं, एकदा बाहेर उभ्या ट्रककडे. "येस," म्हणाले.

त्या सगळ्या इंग्रजीतला 'परमनंट' तेवढा एक शब्द नर्मदाला नीट कळला होता. तिनं डबीचं झाकण परत लावलं आणि स्टूल ओढून त्यावर बसली.

"अक्का, साहेबांना सांग," ती मला म्हणाली. "निळं कार्ड येऊ दे. मग लावते."