दादाची कवळी

गल्लीत त्याला सगळे कवळीवाले म्हणायचे. चाळीस वर्षं त्याने लोकांना दात करून दिले, आणि त्यातली चौदा वर्षं तो स्वतः एकाच माणसावर दात धरून बसला होता. तो माणूस म्हणजे त्याचा सख्खा थोरला भाऊ.

आई शेवटची आजारी पडली ती दादाच्या घरी, दूरच्या गावात. दादाने धाकट्याला कळवलंच नाही. कळवलं ते दफन झाल्यावर. पुढे मावशीकडून समजलं, की आई रोज धाकट्याची वाट पाहायची आणि दादा तिला सांगायचा, "निरोप धाडला होता, तो येणार नाही म्हणाला." आई तेच खरं मानून गेली.

तेव्हापासून कवळीवाल्याला धड झोप नव्हती. झोपेत दात खायचा आणि उठल्यावर जबडा ठणकायचा. "लोकांचे दात सांभाळता, स्वतःचे झिजवून घ्या," बायको म्हणायची. रविवारी चर्चमध्ये प्रार्थना व्हायची. आम्ही जशी दुसऱ्यांना क्षमा केली, तशी आम्हांला कर, हे मागणं आलं की याला नेमका खोकला यायचा. 'तशी' हवी होती, 'जशी' घशाखाली उतरत नव्हती. देवासमोर खोटं कसं बोलायचं? पाळकांनी चारदा समजावलं. चारही वेळा तो "तुमचं बरोबर आहे" म्हणाला आणि दमून घरी आला.

मग एका दुपारी वहिनी दादाला घेऊन दारात उभ्या राहिल्या. दादाच्या तोंडात एकही दात उरला नव्हता. दोन ठिकाणी केलेल्या कवळ्या टोचत होत्या, माणूस नुसतं पातळ पिऊन वाळला होता. "आपलेच दात, आपलेच ओठ," बायको पुटपुटली आणि तिनेच दादाला खुर्चीत बसवलं.

कवळीवाल्याने मापाचा लगदा कालवला, साच्यात भरला आणि दादाच्या वरच्या हिरड्यांवर दाबून धरला. "तीन मिनिटं हलायचं नाही, बोलायचं नाही."

तीन मिनिटं! चौदा वर्षं घोकलेलं सगळं सुनावायला याहून चांगली संधी कुठली? "आईला तू खोटं सांगितलंस, दादा," तो म्हणाला. "मी आलो असतो. अनवाणी धावत आलो असतो."

एवढंच निघालं. अर्ध्या मिनिटात भाषण संपलं. उरलेला वेळ तो दादाचा जबडा हातात धरून उभा राहिला. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी त्याच्या मनगटावर येत होतं. राग शोधूनही सापडेना, नुसता थकवा होता.

साचा निघाल्यावर दादा बोबड्या तोंडाने म्हणाला, "हो, खोटंच सांगितलं. उशाशी मी बसायचो आणि ती नाव तुझं घ्यायची. नाही सोसलं मला."

कवळीवाला बराच वेळ हात धूत राहिला. माफ केलं, असं काही तोंडातून निघेना. म्हणून जे जमत होतं तेच तो म्हणाला, "आ कर. खालचं माप राहिलंय."

कवळी काही एका दिवसात बसत नाही. दादा-वहिनी महिनाभर तिथेच राहिले. कवळी तयार झाल्यावर रोज एकच प्रश्न, "कुठे टोचतंय?" दादाने बोट दाखवायचं, याने तेवढंच घासायचं. दुसऱ्या दिवशी ती नव्या जागी टोचायची. रागाचंही तेच. सकाळी वाटायचं, सोडलं एकदाचं. दुपारी मावशीचे शब्द आठवले की पुन्हा टोचायचं. मग तो काम करता करता मनातच म्हणायचा, "देवा, आज एवढंच घासलं जातंय. दमलो रे." असं करता करता एका सकाळी उठला, तर जबडा ठणकत नव्हता. तो कितीतरी वेळ गाल चाचपत बसला. बरं वाटत होतं.

त्या रविवारी चर्चमध्ये दादा शेजारीच होता. ते मागणं जवळ आलं. बायकोने सवयीने खोकल्याची गोळी पुढे केली. त्याने घेतली नाही. 'जशी' तोंडातून निघाली, घोगरी, पण निघाली. त्याच वेळी दादाच्या नव्या कवळीतून 'क्षमा'वर बारीक शिटी वाजली. पुढच्या बाकावरच्या बाईंनी वळून पाहिलं.

"उद्या परत खुर्चीत बस," कवळीवाला कुजबुजला. "अजून घासावं लागेल."

"कवळीला की मला?"

"आपल्या दोघांना."